बोर्ड विकत घेण्याआधी तो कशाने गेला, ते शोधावे

प्रश्न : पारोळ्यात माझे लग्नपत्रिका, हँडबिले आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे दुकान आहे. संगणक 2013 साली असेंबल करून घेतलेला आहे : कोअर आय-फाइव्ह 3470 प्रोसेसर, एच-61 चिपसेटचा मदरबोर्ड आणि 8 जीबी रॅम. मागच्या आठवड्यात भर दुपारी वीज गेली, ती परत आल्यापासून संगणक सुरूच होत नाही. दुरुस्तीवाल्यांनी बोर्ड गेला आणि तसा आता मिळत नाही, असे सांगून नवा संगणकच घ्यायला सुचवले. लग्नसराई तोंडावर आहे आणि पाच हजारांपलीकडे खर्च झेपणार नाही. फक्त बोर्ड बदलता येईल का? हार्ड डिस्कमधले काम वाचेल का?

उत्तर : बोर्ड बदलता येईल आणि बोर्ड गेला म्हणजे हार्ड डिस्क गेली असेही नसते. तरीही पहिले पाऊल डिस्कचेच उचलावे. ती कॅबिनेटमधून काढून साटा-यूएसबी कन्व्हर्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि पत्रिकांच्या फाइली, ग्राहकांची कागदपत्रे व फाँट उतरवून घ्यावेत. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला 12 व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, म्हणून सोबत अ‍ॅडॉप्टर असलेलाच कन्व्हर्टर आणावा.

त्यानंतर बोर्ड खरोखरच गेला आहे का, याची खात्री करावी. वीज परत येताना दाब एकदम चढला, तर सर्वांत आधी तो एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, येतो आणि पुष्कळदा फक्त एसएमपीएसच गेलेला असतो. चालू स्थितीतला दुसरा एसएमपीएस अर्ध्या तासासाठी मागून आणून जोडून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी आहे. मल्टिमीटर असेल तर संगणक बंद ठेवून, पण मुख्य स्विच चालू करून, मोठ्या 24 पिनांच्या कनेक्टरमधील जांभळ्या तारेवर 5 व्होल्ट येतात का ते पाहावे. तेथे काहीच नसेल तर दोष बोर्डाकडे जाण्याआधीच आहे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये, कारण त्यातील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही काही काळ तीनशे व्होल्टांच्या वर दाब शिल्लक राहू शकतो. सोबतच रॅम काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने पुसून पुन्हा बसवावे आणि सीआर-2032 ही बटणासारखी बॅटरी बदलावी. एवढ्यावरच सुरू झालेले कित्येक ‘मेलेले’ बोर्ड मी पाहिले आहेत.

तरीही काही हालचाल नसेल, तर बोर्ड उजेडात धरून प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीचे उभे, नळकांड्यासारखे कॅपॅसिटर न्याहाळावेत. चांगल्या कॅपॅसिटरचा माथा सपाट असतो. बिघडलेल्याचा फुगलेल्या पुरीसारखा वर येतो आणि कधी त्यावर तपकिरी खरपुडी धरलेली दिसते. आपल्या भागात हा बिघाड वारंवार होण्याचे कारण उघड आहे. अशा कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान दर 10 अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते; खान्देशात उन्हाळ्यात बाहेरच पारा 44-45 अंशांवर जातो आणि त्यात हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या, पट्ट्यांमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू मिसळून नमद्यासारखा थर बसलेला असतो. फुगलेले दोन-चार कॅपॅसिटर कुशल कारागीर थोडक्या खर्चात बदलून देतो. कमी ईएसआरचे (अंतर्गत रोध कमी असलेले), 105 अंशांचे, त्याच क्षमतेचे आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टचे कॅपॅसिटर लावायला सांगावे.

बोर्ड बदलावाच लागला, तर तुमच्या प्रोसेसरचे सॉकेट एलजीए-1155 आहे, हे लक्षात ठेवावे. 1150, 1151 किंवा 1156 हे आकडे जवळचे दिसले तरी ते बोर्ड उपयोगाचे नाहीत. तुमची डीडीआर-3 रॅमही डीडीआर-4 च्या बोर्डात बसत नाही, म्हणून नव्या पिढीचा बोर्ड घेतला तर प्रोसेसर आणि रॅम दोन्ही घ्यावे लागतील. ‘आता मिळत नाही’ हे मूळ कंपनीच्या बोर्डापुरते खरे असेल, पण एच-61 चे नवे बोर्ड कमी नावाजलेल्या कंपन्या अजून विकतात आणि ते दोन ते तीन हजार रुपयांच्या आसपास मिळतात. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चौकशी करताना जुना वापरलेला बोर्ड दाखवला, तर सॉकेटवरचे झाकण काढून आतल्या बारीक पिना तिरक्या प्रकाशात पाहाव्यात. एखादी जरी वाकलेली दिसली तरी तो बोर्ड घेऊ नये. शिवाय 2011 सालच्या काही एच-61 बोर्डांवरचे बायोस (संगणक सुरू होताना आधी चालणारे बोर्डातले सॉफ्टवेअर) जुने असल्याने त्यांवर तिसऱ्या पिढीचा तुमचा प्रोसेसर चालत नाही. म्हणून प्रोसेसर आणि रॅम बरोबर न्यावी आणि पडद्यावर बायोस उघडलेले पाहूनच पैसे द्यावेत.

उरलेले दोन-अडीच हजार एसएमपीएससाठी राखावेत, असा माझा आग्रह आहे. एका परिचितांनी जुन्या एसएमपीएसवरच नवा बोर्ड लावला आणि तो आठवडाभरात जळाला. तेव्हापासून मी हा मुद्दा सोडत नाही. डब्यावरच्या मोठ्या वॉट-आकड्याला भुलू नये. तुमचा प्रोसेसर कमाल 77 वॉटचा आहे आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून लेबलावर 12 व्होल्टसमोर 25 अँपिअर, म्हणजे 300 वॉट, लिहिलेले असले तरी पुरेसे आहे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे.

जोडणी करताना प्रोसेसरवरची जुनी, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी आणि सॉकेटजवळचा 4 पिनांचा कनेक्टर विसरू नये. तो राहिला की पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. विंडोज सुरू न झाल्यास बायोसमध्ये साटाची (डिस्कच्या जोडणीची) पद्धत आणि लेगसी-यूईएफआय (सुरू होण्याची जुनी की नवी पद्धत) ही निवड पूर्वीसारखी करावी. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना मूळ बोर्डाशी बांधलेला असतो, त्यामुळे तो पुन्हा मागितला जाऊ शकतो. अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचे लॉक यूएसबीचे असेल तर अडचण नाही. ते संगणकाशी बांधलेले असेल तर विक्रेत्याला आजच कळवावे. विंडोज 10 चे नियमित सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले आणि विंडोज 11 साठी तुमचा प्रोसेसर मान्य नाही, म्हणून बँकेचे व आधारचे काम या संगणकावर फार काळ चालवू नये; पत्रिकांच्या कामाला तो आणखी दोन-तीन हंगाम सहज पुरेल.

प्रश्न : शहाद्याला आमच्या कार्यालयात नामांकित कंपनीचा तयार डेस्कटॉप आहे. त्यालाही बाजारातला साधा बोर्ड चालेल का?

उत्तर : सहसा नाही. अशा अनेक डेस्कटॉपमध्ये 24 पिनांऐवजी कंपनीचा स्वतःचा कनेक्टर, वेगळ्या जागी स्क्रूची भोके आणि समोरच्या बटणाची निराळी जोडणी असते. त्याच मॉडेलचा वापरलेला बोर्ड शोधावा. बोर्डावरचा पार्ट नंबर टिपून घेतला तर शोध सोपा होतो.