गुडघा बरा होतोय, मग मी एवढी चिडते का?

धावणाऱ्या माणसाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं की साधारण दोन महिन्यांनी घरातलं कुणीतरी मला, म्हणजे समुपदेशकाला, फोन करतं. "मॅडम, गुडघा छान आहे, डॉक्टर खूश आहेत, पण माणूस पार बदललाय." मीनाताईंच्या वेळी हा फोन त्यांच्या यजमानांचा होता. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहायला त्यांची परवानगी आहे. परवानगी कसली, आग्रहच.)

मीनाताई 46 वर्षांच्या, राहणार सातारा, नोकरी विमा कार्यालयात. चाळिशीत शुगर 'बॉर्डरवर' आली म्हणून चालायला लागल्या, चालता चालता धावायला लागल्या, आणि साताऱ्यात धावणारं माणूस शेवटी जिथे जातं तिथे, यवतेश्वरच्या घाटात, पोचल्या. सप्टेंबरातली सातारा हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे घाट चढून परत उतरायचे 21 किलोमीटर, त्यांनी चारदा पुरी केली होती. पाचव्यांदा नाव नोंदवून झालं होतं. जूनअखेर अजिंक्यताऱ्यावरून उतरताना शेवाळावरून घसरल्या. पाऊल दगडात अडकलं आणि वरचं अंग फिरलं. 'कट्' असा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला. दोन तासांत गुडघा नारळाएवढा. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडं जोडून धरणारं लिगामेंट, पूर्ण फाटलेलं, आतली गादीही फाटलेली. जुलैत दुर्बिणीतून ऑपरेशन झालं: मांडीच्या मागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी) काढून तिचं नवं लिगामेंट बसवलं, गादीला टाके घातले. सहा आठवडे वॉकर आणि ब्रेस.

माझ्याकडे आल्या तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. प्रश्न सरळ होता. "डॉक्टर म्हणतात नऊ महिने घाट विसरा. तोपर्यंत मी डोकं ठिकाणावर कसं ठेवू?" झोप नव्हती. मुलगा बारावीला, त्याच्यावर विनाकारण ओरडणं चालू होतं. धावण्याच्या ग्रुपमधून बाहेर पडल्या होत्या. स्पर्धेच्या सकाळी धावणारे त्यांच्या घराजवळून गेले. हलगीचा आवाज आला तशी त्यांनी खिडकी लावून घेतली आणि पोळ्या लाटत बसल्या. "बावीस पोळ्या केल्या मॅडम. खाणारे चार."

अशा वेळी मी पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारते: जगणं नको वाटतं का? हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट न विचारल्याने राहून जातं. त्यांचं उत्तर 'नाही' होतं. ते 'हो' असतं, किंवा जेवण-झोप दोन्ही दोन आठवडे पार उडालेली असती, तर मी आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

मग मी एक चूक केली. आवडीची गोष्ट हिरावली गेली, तर बाकीच्या आवडी शोधू या, असा हिशोब मांडला. पुस्तकात तो बरोबरच आहे. घरी जाऊन आनंद देणाऱ्या गोष्टींची यादी करा, असं सांगितलं. त्या शहाण्या विद्यार्थिनीसारखी वही घेऊन आल्या. आठ गोष्टी, सुवाच्य अक्षरात: भरतकाम, वाचन, गच्चीतली झाडं वगैरे. मी वाचत होते आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, यातलं सगळं कुणीही हाक मारून मध्येच थांबवू शकतं."

घाटात हाक पोचत नाही.

तिथून आमचं बोलणं खरं सुरू झालं. पहाटे 5 ते साडेसहा हा दीड तास, सहा वर्षं, कुणाचाही नव्हता. ना सासूबाईंच्या गोळ्या, ना डबा, ना 'माझा निळा शर्ट कुठेय'. ऑपरेशननंतरही जाग पाचलाच यायची. जागीच आहे तर कणीक मळून ठेवू, असं करत चार आठवड्यांत तो दीड तास ओट्याच्या पोटात गेला. वॉकर भिंतीला टेकवून, एका पायावर उभं राहून.

मी यजमानांना बोलावलं, थोड्या रागानेच, हे कबूल करते. ते म्हणाले, "मी हिला काही म्हटलंच नाही हो." आणि ते खरं होतं. कुणीच मागितलं नव्हतं. मीनाताईंनीच देऊन टाकलं होतं. "नुसतं बसून राहायची लाज वाटते," त्या म्हणाल्या. धावायला जाताना बिब (छातीवरचा स्पर्धेचा नंबर) असायचा, मेडल असायचं, शुगरचं कारण असायचं. नुसतं 'मला माझा वेळ हवा' एवढं कारण त्यांना स्वतःलाच पुरत नव्हतं. सांगते, असे पुरुषही माझ्याकडे येतात. त्यांचा तास स्वयंपाकघर खात नाही, मोबाइल खातो.

उपाय अगदी साधा निघाला. घरी व्यायाम करायचा नाही. फिजिओने दिलेलं सगळं, म्हणजे टॉवेलच्या गुंडाळीवर गुडघा दाबणं, पाय सरळ उचलणं, टाच सरकवणं, हे शाहू स्टेडियमवर जाऊन करायचं. सव्वापाचला यजमान स्कूटरवर सोडणार, साडेसहाला आणणार, मधला चहा-डबा घरचे बघणार. पहिल्या आठवड्यात मुलगा दोनदा बिस्किटं घेऊन कॉलेजला गेला. काही बिघडलं नाही. झोप मात्र पंधरा दिवसांत सुधारली.

एक धोका मी तेव्हाच बोलून ठेवला होता, कारण धावणारी मंडळी इथेच फसतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सूज उतरते, चाल सुधारते, पण बसवलेली शीर याच काळात सर्वांत नाजूक असते, तिच्यात अजून नवा रक्तपुरवठा रुजत असतो. 'बरं वाटतंय' हा निकष तेव्हा कामाचा नसतो. पळायचं कधी हे फिजिओ मांडीची ताकद दुसऱ्या पायाशी ताडून ठरवतो.

पाचव्या महिन्यात फिजिओने हळू पळायची परवानगी दिली, आणि मीनाताईंना पळता येईना. मैदानावर पाऊल उचललं की अंग आखडायचं. जिना उतरताना तर कठडा सुटत नव्हता. "गुडघा ठीक आहे म्हणतात, मग मी नाटक करतेय का?" नाटक नाही. शीर जुळली तरी 'कट्' आवाज मेंदूने जपून ठेवलेला असतो. अनेक जण धावण्याकडे परतत नाहीत ते गुडघ्यामुळे नाही, या भीतीमुळे.

आम्ही उतरण्याची एक शिडी आखली. स्टेडियमच्या दोन पायऱ्या कठडा धरून, मग न धरता, मग दहा, मग साताऱ्यातल्या 'चार भिंती' या स्मारकाचा उतार चालत. प्रत्येक वेळी भीतीला दहापैकी गुण द्यायचे, आणि ती तीनच्या खाली आल्याशिवाय पुढची पायरी नाही. चार भिंतीला सात आठवडे लागले. ओल्या दगडावर अजूनही सहा गुण असतात, आणि ओला दगड खरोखरच निसरडा असतो, म्हणून ते सहा आम्ही तसेच ठेवलेत.

आता दहावा महिना चालू आहे. सपाटीला तीन किलोमीटर, मध्ये चालत. या सप्टेंबरात त्या घाटात पाणी वाटायला उभ्या राहणार आहेत, धावणार नाहीत. हा निर्णय त्यांचाच.

परवा आल्या त्या तक्रार घेऊन. सहा महिने सोडायला येऊन येऊन यजमानांना मैदानाची गोडी लागली. बूट घेतलेत. आता पहाटे तेही फेऱ्या मारतात, शेजारून, बोलत बोलत.

"चांगलंच आहे की," मी म्हटलं.

"चांगलं आहे हो," त्या म्हणाल्या, "पण त्यांना सांगू कसं, की उलट्या बाजूने फेऱ्या मारा?"