नाकाचा स्प्रे : मान मागे की पुढे?

प्रश्न : ॲलर्जीच्या सर्दीसाठी डॉक्टरांनी मला फ्लुटिकासोनचा स्प्रे रोज प्रत्येक नाकपुडीत 2 वेळा मारायला सांगितला आहे. मी रात्री उताणा झोपून तो घेतो आणि जोरात श्वास ओढतो. तरीही औषध घशात उतरते आणि अधूनमधून उजव्या बाजूचा घोळणा फुटतो. महिना झाला असून बाटलीच्या तळाशी औषध शिल्लक दिसते. ते संपवावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. नाकात औषध म्हटले की आपल्याकडे तुपाचे किंवा तेलाचे थेंब आठवतात, आणि थेंबांसाठी उताणे झोपणे योग्यच असते, कारण त्यांना आत नेणारे बळ गुरुत्वाकर्षणाचे असते. स्प्रेच्या बाटलीवर मात्र एक छोटा पंप बसवलेला असतो. टोपण दाबले की दट्ट्या खाली जातो आणि त्याखालच्या कप्प्यात भरलेले औषध, साधारण 0.1 मिलिलिटर, बारीक छिद्रातून तुषार होऊन बाहेर पडते; बोट उचलले की स्प्रिंग दट्ट्याला वर आणते, झडप उघडते आणि बाटलीच्या तळाशी पोहोचलेल्या नळीतून पुढच्या वेळचे औषध कप्प्यात भरले जाते. बाटली आडवी धरली तर नळीचे टोक उघडे पडते आणि कप्प्यात औषधाऐवजी हवा भरली जाते. म्हणजे झोपून घेतलेल्या स्प्रेत मात्रा किती गेली, याची खात्री आपल्याला किंवा आपल्या डॉक्टरांना देता येणार नाही.

म्हणून बसून किंवा उभे राहून, मान किंचित पुढे झुकवून, बाटली सरळ उभी धरावी. ही औषधे पाण्यात विरघळलेली नसून त्यात तरंगत असतात, त्यामुळे बाटली आधी हलवून घ्यावी. त्यानंतरची गोष्ट बहुतेकांना कोणी सांगितलेलीच नसते : उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा. उजव्या हाताने उजव्याच नाकपुडीत स्प्रे मारला की टोक आपसूक मधल्या पडद्याकडे वळते. त्या पडद्याच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि रोज नेमका तिथेच फवारा बसत राहिल्याने तो भाग कोरडा पडून रक्त येते. आपला घोळणा उजव्याच बाजूचा फुटतो, यावरून आपण उजव्या हाताने स्प्रे घेत असावेत, असा माझा अंदाज आहे. हात बदलून टोक बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या रोखाने धरून पाहावे. तरीही रक्त येत राहिले, तर मात्र डॉक्टरांना नाक दाखवावे.

जोरात श्वास ओढण्याची गरज नाही. या पंपाचे तुषार मुद्दामच मोठे, बहुतांशी 10 मायक्रॉनपेक्षा जाड राखलेले असतात, जेणेकरून ते फुप्फुसात न जाता नाकातच बसावेत. जोराने ओढल्यास ते नाकाच्या आतील अस्तरावर न थांबता थेट घशात जातात, आणि आपल्याला लागणारी चव त्याचीच असते. फवारा मारताना हलका श्वास घ्यावा, एवढे पुरे.

आता उरलेल्या औषधाविषयी. आपल्या बाटलीवर 120 मात्रा असे लिहिलेले असेल, तर रोजच्या 4 स्प्रेंच्या हिशेबाने ती 30 दिवसांत संपली. तळाशी दिसणारे औषध नळीला नीट ओढता येत नाही, त्यामुळे पुढच्या प्रत्येक दाबाबरोबर मात्रा कमी-कमी होत जाते. पैसे मोजून घेतलेली वस्तू टाकून देणे जिवावर येते हे मान्य. पण त्या उरलेल्या औषधाच्या भरवशावर राहू नये. नवी बाटली उघडल्यावर, तसेच बरेच दिवस न वापरलेली पुन्हा वापरताना, माहितीपत्रकात सांगितलेल्या संख्येइतके फवारे आधी हवेत सोडावेत, म्हणजे कप्प्यातील हवा निघून जाते. छिद्र तुंबल्यास टोक काढून कोमट पाण्याने धुवावे. त्यात टाचणी घालू नये, कारण छिद्र मोठे झाले की तुषारांचा आकार बिघडतो.

प्रश्न : आमच्या मुलाला फिट येते. डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकाचा स्प्रे घरात ठेवायला सांगितला आहे. फिट चालू असताना तो आडवा असतो, मग बाटली सरळ कशी धरायची? (एक पालक, परभणी)

उत्तर : मुलाला कुशीवर वळवावे आणि बाटली शक्य तितकी उभी ठेवून टोक नाकपुडीत धरावे. येथे औषध नाकाच्या अस्तरातून रक्तात शोषले जायचे असते, म्हणून सांगितलेले पफ एकाच नाकपुडीत न मारता दोन्हींत आलटून-पालटून मारावेत. एकाच बाजूला फार औषध गेले, तर ते ओघळून वाया जाते. हवेतील पहिले फवारे आधीच, घरात शांतता असताना सोडून ठेवावेत. फिट आल्यावर ते करत बसण्याइतका वेळ नसतो.

याहून महत्त्वाची गोष्ट बाटलीवरील आकड्याची आहे. आपल्याकडे हे औषध एका पफमध्ये 0.5 मिलिग्रॅम आणि 1.25 मिलिग्रॅम अशा दोन्ही प्रकारांत मिळते. समजा, डॉक्टरांनी 0.5 च्या बाटलीचे 6 पफ, म्हणजे 3 मिलिग्रॅम सांगितले आहेत आणि दुकानदाराने दुसरी बाटली दिली, तर तेच 6 पफ 7.5 मिलिग्रॅम होतात, आणि जास्त मात्रेने मुलाचा श्वास मंदावू शकतो. त्यामुळे चिठ्ठीवर पफच्या संख्येबरोबर मिलिग्रॅमही लिहून घ्यावे आणि प्रत्येक नवी बाटली त्याच्याशी ताडून पाहावी. फिट 5 मिनिटांहून अधिक चालली किंवा श्वास अडखळतो आहे असे वाटले, तर 108 ला फोन करावा.

प्रश्न : कोविडची नाकावाटे द्यायची लस स्प्रेऐवजी थेंबांनी का दिली गेली? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : 26 जानेवारी 2023 रोजी आलेली भारत बायोटेकची इन्कोव्हॅक ही लस मुळातच थेंबांसाठी आखलेली होती : एका वेळी 0.5 मिलिलिटर, प्रत्येक नाकपुडीत 4 थेंब. फवाऱ्याचा वेगळा सुटा भाग लागत नसल्याने खर्च वाचतो, हे त्यामागचे कारण. याआधी 2010 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूवर आणलेली नासोव्हॅक ही लस मात्र सिरिंजच्या टोकाला फवारणीचे साधन बसवून दिली जात असे. इन्कोव्हॅकसाठी मान मागे टाकावी लागे, आणि थेंबांच्या बाबतीत तेच योग्य होते.