फोनवरचा तलाक

प्रश्न : नवऱ्याने फोनवर तीनदा ‘तलाक’ म्हटलं. सासरचे म्हणतात, कुराणानुसार नातं संपलं. खरं का? – एक भगिनी, मिरज

उत्तर : नाही, ताई. एका दमात तीन तलाक देऊन संसार मोडावा, असं कुराणात कुठेही नाही. सूरह बकरा या अध्यायाच्या 229व्या आयतीत तलाक दोन वेळा, मग भलेपणाने नांदवा किंवा सन्मानाने सोडा, असं आहे. सूरह तलाकमध्ये इद्दतीचे, म्हणजे तलाकनंतर थांबायच्या ठरावीक काळाचे, दिवस मोजा आणि त्या काळात बायकोला घराबाहेर काढू नका असं बजावलं आहे. तलाकच्या आधी, सूरह निसाप्रमाणे, दोन्हीकडचा एकेक मध्यस्थ बसवायचा. हनफी फिकहने, म्हणजे सुन्नींच्या एका पंथाच्या धर्मकायद्याने, एकदम दिलेले तीन तलाक पाप मानूनही लागू धरले. तिथेच आपल्या बायकांचं नशीब अडकलं. मला त्याचा आजही संताप येतो. समाजसुधारक हमीद दलवाईंबरोबर सात जणी 1966 मध्ये मुंबईत मोर्चाने गेल्या, त्या याचसाठी.

2019 च्या कायद्याने असा तलाक, फोनवरचासुद्धा, रद्दबातल आणि गुन्हाही आहे. तुमचं लग्न कायम आहे. स्वतःच्या व मुलांच्या निर्वाहभत्त्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील मोफत मिळेल. कोऱ्या कागदावर सही देऊ नका.