लाँगस्वर्डची तालीम: वाचकांचे प्रश्न

चौदाव्या ते सतराव्या शतकातली युरोपीय तलवारबाजी जुन्या हस्तलिखितांवरून पुन्हा उभी करण्याचा खेळ जगभर 'हेमा' या नावाने चालतो. या वेळी आलेले जवळपास सगळे प्रश्न त्यातल्या दोन हातांच्या लाँगस्वर्डबद्दल आहेत, म्हणून उत्तरंही तेवढ्यापुरतीच.

नोकरीसाठी हॅनोव्हरला आले, तिथल्या क्लबात तीन महिने जातेय. अजून तीच पावलं आणि तोच वरून तिरका वार. प्रत्यक्ष लढत कधी सुरू होते?

तीन महिन्यांत कंटाळा येणं साहजिक आहे, पण तो एक वार अजून बसलाय का, ते आधी तपासा. डावा पाय पुढे, तलवार उजव्या खांद्याशी. जर्मन परंपरेत या पवित्र्याला 'फोम टाग' म्हणतात. इथून उजवीकडून वरचा वार, म्हणजे ओबरहाउ, करताना आधी हात निघायला हवेत. पातं समोरच्याकडे सुटलं की त्यामागून उजवा पाय पुढे जातो, आणि वार लागतो त्याच क्षणी पाऊल टेकतं. पाऊल आधी पडलं तर तुमचं डोकं समोरच्याच्या टप्प्यात पोचलेलं असतं आणि तलवार मात्र खांद्यावरच. नवशिक्यांना हातावर मार बसतो तो बहुतेक याच चुकीमुळे.

दुसरी खोड म्हणजे वार करण्याआधी तलवार किंचित मागे खेचणं. त्याने जोर फारसा वाढत नाही, समोरच्याला सूचना मात्र मिळते. तिसरी खोड डाव्या हाताची. पॉमेलजवळचा, म्हणजे मुठीच्या मागच्या गोळ्याजवळचा डावा हात ओढतो आणि क्रॉसगार्डजवळचा, म्हणजे मूठ आणि पात्यामधल्या आडव्या दांडीजवळचा उजवा हात दिशा देतो, तेव्हा पातं झपकन फिरतं. दोन्ही हात एकाच दिशेने ढकलायला लागले की वार कुऱ्हाडीसारखा पडतो आणि धार तिरपी बसते. आणि वार संपतो कुठे? टोक समोरच्याच्या चेहऱ्याकडे रोखलेलं असेल तिथे. टोक जमिनीकडे गेलं, तर ते परत वर आणेपर्यंत तुम्ही उघडे.

हे जमलं की पुढची पायरी याच वारावर उभी राहते. योहानेस लीश्टेनाउअर या चौदाव्या शतकातल्या वस्तादाची शिकवण पद्यात आहे आणि त्यावर नंतरच्यांनी अर्थ उलगडणाऱ्या टीका लिहिल्या आहेत. त्यातला पहिला धडा त्सोर्नहाउचा, म्हणजे संतापाच्या वाराचा. समोरच्याने त्याच्या उजवीकडून वरून वार केला की तुम्हीही उजवीकडून तसाच तिरका वार त्याच्या वारावर घालायचा. पाती भिडतात. आता त्याचा दाब हाताला जाणवला पाहिजे. तो ढिला असेल तर टोक तिथूनच सरळ चेहऱ्यावर. त्याने ते ओळखून तुमचं पातं जोराने बाजूला रेटलं तर वरून सोडवून घ्या आणि दुसऱ्या बाजूने डोक्यावर वार करा. तो रेटत नाही, पण घट्ट धरून उभा आहे? मग हात वर उचलून तुमच्या पात्याचा मुठीजवळचा भक्कम भाग त्याच्या टोकाकडच्या नाजूक भागावर वळवा आणि वरून टोचा.

एका वाराची ही तीन उत्तरं. सरावाचा क्रम असा ठेवा: आधी जोडीदार सांगून दाब देईल, प्रत्येकी दहा वेळा. मग न सांगता, त्याला वाटेल तसा. मग तो मुद्दाम एखादा वार आखूड टाकेल, म्हणजे तुम्ही त्याच्या पात्यामागे धावता की थेट माणसाकडे जाता ते कळेल. शेवटी एकाने फक्त वरून वार करायचे आणि दुसऱ्याने फक्त ही उत्तरं द्यायची, अशी बांधलेली लढत. ही चौथ्या महिन्यात सुरू व्हायला हरकत नाही. पूर्ण वेगाची मोकळी लढत, आठवड्यातून दोनदा तालीम होत असेल तर, सहा महिन्यांनंतर. त्याआधी उतरलं की माणूस शिकलेलं सोडून हातघाईवर येतो, आणि ती सवय मोडायला दुप्पट वेळ जातो.

मी कोल्हापूरचा. आठ वर्षं लाठीकाठी आणि दांडपट्टा खेळतोय. त्याचा उपयोग होईल की उलट अडचण?

पाय, दम आणि अंतराचा अंदाज या तीन गोष्टींत तुम्ही नवशिक्यांच्या बरेच पुढे असाल. अडचण मनगटात येईल. पट्ट्याच्या खोबणीत हात गेला की मनगट बांधलं जातं आणि वार खांदा-कोपरातून येतो. लाँगस्वर्डमध्ये दोन मनगटं मिळून तरफ करतात, पाती भिडलेली असताना तर सगळं काम तिथलंच. शिवाय फिरती सोडावी लागेल. अनेकांना अंगावर येऊ न देण्यासाठी सतत फिरणारं पातं उत्तम, पण समोर एकच माणूस आणि त्याच्या हाती टोचता येणारी तलवार असेल, तर पातं मधल्या रेषेतून बाजूला गेलं की तेवढ्यात तो आत शिरतो. पहिले दोन महिने प्रत्येक वार टोक समोर ठेवून थांबवायचा आणि प्रत्येक तालमीत पन्नास भोसके. कंटाळवाणं आहे, पण उपाय हाच.

जाता जाता: मराठ्यांकडच्या 'फिरंग' तलवारीचं नाव फिरंग्यांवरूनच आलं आहे. युरोपातून आलेली लांब सरळ पाती आणि त्यांवर इथली मूठ.

नाशिकला क्लब नाही. घरी एकट्याने काय करता येईल? कोणतं पुस्तक घ्यावं?

घरात नको, गच्चीवर जा. सव्वा मीटरची काठी डोक्यावर उचलली की पंखा गेलाच.

काठी १२० ते १३० सेंमीची, किलोच्या आसपास वजनाची असावी. एका टोकापासून २५ सेंमीवर दोरी गुंडाळा. ते क्रॉसगार्ड समजायचं, आणि उजवा हात त्याच्या लगेच मागे. योआखिम मायरच्या १५७० साली स्ट्रासबुर्गमध्ये छापलेल्या ग्रंथात समोरच्या माणसाचे चार भाग पाडले आहेत: वर उजवा, वर डावा, खाली उजवा, खाली डावा. भिंतीवर खडूने चौकोन काढून चार भागांना आकडे द्या. वीतभर अंतर राखून चार वार, प्रत्येक वाराला एक पाऊल. दहा फेऱ्या झाल्या की आकड्यांचा क्रम बदला. आठवड्याभरात लक्षात येईल की उजवीकडचे वार छान पडतात आणि डावीकडच्या वारांना पाय चुकतात. डावीकडून वार केला तर डावं पाऊल पुढे, हे अंगवळणी पडेपर्यंत सावकाश करा. टोचण्यासाठी दोरीला टेनिसचा चेंडू छातीच्या उंचीवर टांगा. मोबाइल बाजूला उभा करून चित्रण घ्या आणि हात आधी निघतो की पाय, एवढंच बघा.

पुस्तक एकच धरा, निदान वर्षभर. मायर सरावाच्या क्रमाने लिहितो, म्हणून एकट्याला सोपा. सिगमुंड रिंगेकच्या नावाची टीका लीश्टेनाउअरचं पद्य ओळीओळीने उलगडते. इटलीच्या फिओरे देई लिबेरीचा, १४१०च्या सुमाराचा ग्रंथ कुस्तीपासून भाल्यापर्यंत सगळं जोडून शिकवतो. तिन्ही 'विक्टेनाउअर' या संकेतस्थळावर मूळ आणि भाषांतरासह मोफत आहेत. एकाचे पवित्रे आणि दुसऱ्याची उत्तरं अशी खिचडी केलीत तर कशालाच चव येणार नाही. आणि दाब ओळखणं एकट्याने शिकता येत नाही. त्यासाठी एक जोडीदार तयार कराच, भले तो तुमच्याइतकाच नवा असो.

साहित्य कोणत्या क्रमाने घ्यावं? सगळं एकदम परवडत नाही.

आधी मास्क, मग हातमोजे, मग गळपट्टा आणि जॅकेट, तलवार शेवटी. बहुतेक जण उलट करतात.

मास्क १६०० न्यूटनचा (न्यूटन हे जोराचं माप) घ्या, पण तो मुळात हलक्या तलवारींच्या भोसक्यांसाठी बनलेला असतो. डोक्याच्या मागच्या बाजूला जाळी नसते, म्हणून वरून जाड आवरण हवंच. जॅकेटवरचा ३५० किंवा ८०० न्यूटन हा आकडा कापड भोसकलं जाण्याविषयी आहे, मुका मार किती सोसवेल याच्याशी त्याचा संबंध नाही. कोपर, गुडघे, नडग्या आणि छातीला वेगळं कवच लागतं. काटकसर करू नये अशी एकच गोष्ट म्हणजे हातमोजे. चामड्याच्या पातळ मोज्यांवर पोलादी तलवारीने पूर्ण वेगाची लढत केली की अंगठा किंवा बोट मोडतं. आधी बोटांच्या टोकांना आणि अंगठ्याच्या बाजूला कवच आहे का ते बघा, मग किंमत.

सरावाच्या पोलादी तलवारीला फेडर म्हणतात. लांबी साधारण १३० सेंमी, वजन १.३ ते १.६ किलो, धार बोथट, टोक वळवलेलं किंवा चपटं रुंद, आणि टोचल्यावर पातं वाकलंच पाहिजे. ताठ पात्याची शोभेची तलवार लढतीला चालत नाही. नायलॉनची स्वस्त पडते, सुरुवातीला ठीक आहे, पण भिडली की निसटते आणि उडते, त्यामुळे दाबाचा सराव बिघडतो. फेडरवर प्रत्येक तालमीनंतर बोट नव्हे, चिंधी फिरवा. अडकली तिथे कुसळ उठलंय, ते कानशीने घासून टाका. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत असाल तर तेलाचा हात रोज.

खऱ्या लाँगस्वर्डचं वजन पाच-सात किलो असायचं हे खरं का?

नाही. बहुतेक सव्वा ते पावणेदोन किलोच्या दरम्यान.

कराटेसारखे पट्टे यात नाहीत. मग आपण पुढे सरकतोय हे कळतं कसं?

पूर्वी दर्जे होते. लंडनच्या तलवार शिक्षकांच्या संघात स्कॉलर, फ्री स्कॉलर, प्रोव्होस्ट आणि मास्टर अशा चार पायऱ्या होत्या, आणि वर चढायचं तर लोकांसमोर वेगवेगळ्या हत्यारांनी लढून दाखवावं लागे. जर्मनीत मार्क्सब्रुडर या संघाला १४८७ मध्ये सम्राट फ्रेडरिक तिसरा याची सनद मिळाली. आज मात्र सगळ्यांनी मानलेली अशी परीक्षा नाही. काही क्लब स्वतःपुरत्या पायऱ्या ठेवतात. स्पर्धांच्या निकालांवरून 'हेमा रेटिंग्ज' गुण काढतं, पण ते गुण स्पर्धेपुरते. तालमीतल्या प्रगतीचा अंदाज त्यांवरून येत नाही.

आमच्या मते एकच मोजमाप खरं: दुहेरी घाव. दोघांनी एकाच वेळी एकमेकांना मारलं की खेळात गुण वाटून जातात, पण धारदार तलवारीने दोघेही मेले असते. एका जोडीदाराबरोबर दहा चकमकी खेळा आणि वहीत तीन रकाने करा: स्वच्छ मारलं, मार खाल्ला, दुहेरी. महिन्यातून एकदा, त्याच जोडीदाराबरोबर. दुहेरी चारवरून दोनवर आले तर सरकलात, मग जिंकलात किती ते सोडा.

दुहेरी कमी होत नसतील तर कारण बहुधा तिघांपैकी एक असतं. टप्प्याबाहेरून, त्याचं पातं न अडवता तुम्ही मोकळ्या जागेवर धावता. किंवा हूल दिलीत, पण समोरच्याने ती ओळखलीच नाही आणि सरळ वार केला. नवख्यांवर हूल चालत नाही ती यामुळेच. किंवा तुमचा वार स्वच्छ लागतो आणि तुम्ही तिथेच थांबता, तोवर त्याचा परतीचा वार येतो. तिसऱ्यावर उपाय सोपा आहे: वार लागल्यावर पातं त्याच्या पात्यावर ठेवून एक तिरकं पाऊल मागे, आणि त्या पावलात लागलं तर आधीचा घाव रद्द. हा नियम महिनाभर लावा. पहिल्यावर वेळ जास्त जातो: दर दहा मिनिटांच्या लढतीत पहिली दोन मिनिटं पाती भिडल्याशिवाय मारायचंच नाही, असं ठरवून खेळा. हूल मात्र या काळात पूर्ण बंद.