पाच महिने कमी पडले

सप्रेम आशीर्वाद.

युगोस्लाव्हियाचा राजप्रतिनिधी प्रिन्स पॉल याच्यावरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच परिच्छेदात तू त्याला भेकड ठरवलं आहेस आणि पुढची सगळी पानं त्या एका शब्दाला पुरावे जमवण्यात गेली आहेत. तो शब्द आधी खोड.

मार्च १९४१ पासून सुरुवात केलीस तर तो भेकडच दिसणार. ९ ऑक्टोबर १९३४ पासून कर. मार्सेयमध्ये राजा अलेक्झांडरला मोटारीत गोळ्या घातल्या. वारस पीटर ११ वर्षांचा. मृत्युपत्राने तिघे राजप्रतिनिधी नेमले होते. खरा भार पडला तो राजाच्या चुलतभावावर, म्हणजे पॉलवर. ऑक्सफर्डला शिकलेला, चित्रं जमवण्यात रमणारा माणूस. गादीची हाव अशी नव्हतीच. (असे लोक कारभाराला बरे की वाईट, यावर माझं मत दर दहा वर्षांनी बदलतं.)

त्याचा खरा पेच तू तीन ओळींत उरकला आहेस. अलेक्झांडरने १९२९ मध्ये हुकूमशाही आणली, १९३१ ची राज्यघटनाही त्यानेच दिली. क्रोएट नेत्यांना ती मान्य नव्हती. पॉलचा हिशेब असा, की राज्य पोराचं आहे, तो वयात येईपर्यंत जसंच्या तसं सांभाळायचं. ठेवीला हात लावायचा नाही. पण ठेवीलाच वाळवी लागली असेल तर? शेवटी २६ ऑगस्ट १९३९ ला पंतप्रधान स्वेत्कोविच आणि क्रोएट नेता माचेक यांच्यात करार होऊन क्रोएशियाला स्वायत्तता मिळाली. सहा दिवसांनी हिटलर पोलंडमध्ये घुसला. या दोन तारखा नुसत्या शेजारी ठेव, विशेषणं लागणार नाहीत.

१९४१ चा नकाशा समोर घेऊनच पुढचं लिही. हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया जर्मनीच्या गोटात; अल्बेनियात इटली. २५ मार्चला पॉलच्या सरकारने व्हिएन्नात जर्मनी-इटली-जपानच्या त्रिपक्षीय करारावर सही केली. जर्मन फौजांना देशातून वाट मागणार नाही, असं लेखी घेतलं होतं. हिटलरच्या लेखी शब्दाची किंमत काय होती, तेही लिही.

या सहीविरुद्ध २७ च्या पहाटे लष्कराने बंड केलं. पॉल तेव्हा आगगाडीने स्लोव्हेनियातल्या ब्र्दोला निघालेला. झाग्रेबला माचेक भेटला. इथली फौज हाताशी धरून बंड मोडून काढू, असं त्याने सुचवलं. पॉल नाही म्हणाला. बायको बेलग्रेडमध्ये होती. तो परत फिरला आणि राजीनाम्यावर सही केली. पीटर ६ सप्टेंबरला १८ वर्षांचा होणार होता.

झाग्रेबचं हे स्टेशन तुझ्या मसुद्यात नाहीच! तिथे थांब. घरच्यांची काळजी, यादवीची धास्ती आणि सुटल्याचा निःश्वास, मला तिन्ही दिसतात.

६ एप्रिलला बेलग्रेडवर जर्मन बॉम्ब पडले, राष्ट्रीय ग्रंथालय जळालं, १७ ला शरणागती. यावरून बंडवाले मूर्ख होते असं मात्र लिहू नकोस. शेवट ठाऊक असल्याचा माज तोही.

केनियातली नजरकैद, १९७६ चा पॅरिसमधला मृत्यू आणि त्याच्यावरचा ठपका पुसणारा २०११ चा सर्बियन न्यायालयाचा निकाल एका पानात आवर. निकाल बाजूने लागला म्हणून त्याला साधुपुरुषही करू नकोस.

झाग्रेबचं प्रकरण आधी लिहून पाठव. चार पानं झाली तरी पुष्कळ.

तुझे सर