टाकाऊ वस्तूंपासून शिल्पं करणारा आजचा एखादा शिल्पकार सुचवाल का?

एकच नाव सांगायचं तर एल अनात्सुई. जन्म घानातला, १९४४चा, पण कारकीर्द बहुतांश नायजेरियातल्या न्सुक्का इथे घडली. दारूच्या बाटल्यांची अॅल्युमिनियमची झाकणं चेपून, कापून, दुमडून ते तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडतात. त्यातून भिंतभर पसरणारा पडदा तयार होतो. लांबून भरजरी वस्त्र वाटतं, जवळ गेलं की दारूच्या ब्रँडची नावं वाचता येतात! मला सगळ्यात आवडतं ते हे की त्याला ठरलेला आकारच नसतो. दर प्रदर्शनात मांडणारी मंडळी चुण्या नव्याने पाडतात, आणि अनात्सुईंना तेच हवं असतं. झाकणं दारूची असण्यालाही इतिहासाचा संदर्भ आहे: युरोपीय व्यापारी आफ्रिकेत दारू देऊन गुलामही विकत घेत. २०१५ साली व्हेनिस बिएनाले या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला.