वडिलांना एट्रियल फिब्रिलेशन आहे असं सांगितलंय. मेटोप्रोलॉलने त्यांचे ठोके 140 वरून 80 वर आले, पण नाडी अजून अनियमितच लागते. गोळी लागू पडत नाहीये का? बंद करावी का?

बंद करू नका. गोळी लागू पडली आहे. तुम्ही लिहिलंय तसं एट्रियल फिब्रिलेशनचं निदान असेल, तर नाडी नियमित करणं हे मेटोप्रोलॉलचं कामच नाही. ते बीटा ब्लॉकर गटातलं औषध आहे, ठोक्यांचा वेग आवरतं. ओपीडीच्या घाईत आम्ही डॉक्टर मंडळी नेमकं हेच सांगायचं ठेवून देतो.

या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथून मिनिटाला 350 ते 600 विद्युत संदेश निघतात. मधे एव्ही नोड नावाचा नाका आहे, तो त्यातले बरेचसे अडवतो. अ‍ॅड्रेनलिन वाढलं की हा नाका सैल पडतो. बीटा ब्लॉकर अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरचा परिणामच रोखतात, त्यामुळे कमी संदेश खाली उतरतात आणि खालच्या कप्प्यांना भरायला उसंत मिळते. धाप नि धडधड कमी होते ती यामुळे. वरची थरथर मात्र चालूच असते. म्हणून मनगटावर एक ठोका जोरात लागतो, पुढचा लवकर येतो आणि जेमतेम जाणवतो. अशी नाडी 15 सेकंद मोजून चारने गुणू नये, पूर्ण मिनिटभर मोजावी.

थरथर आहे तोवर रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोकाही आहे, आणि तो बीटा ब्लॉकरने टळत नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी हवी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. माझ्या मते नाडीच्या लयीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

बाकी काही विकारांत, उदाहरणार्थ जन्मजात लाँग क्यूटी सिंड्रोममध्ये (हृदयाच्या विद्युत यंत्रणेतला दोष), बीटा ब्लॉकर औषधं जीवघेणी लय सुरूच होऊ नये म्हणून देतात. सोटॅलॉल हा बीटा ब्लॉकर तर लय टिकवायलाही वापरतात, पण त्यावर ईसीजीची नजर लागते.

मेटोप्रोलॉल एकदम थांबवलं तर ठोके उसळी मारतात, छातीतही दुखू शकतं. थकवा किंवा हातपाय गार पडणं फार जाणवत असेल तर डोस बदलता येतो, तो डॉक्टरांनीच बदलायचा. दमा असेल तर आधी सांगा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर उतरल्यावरची धडधड या गोळीमुळे झाकली जाते, घाम मात्र येतो. त्याकडे लक्ष ठेवा. नाडी 50 च्या खाली आणि सोबत चक्कर असेल, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. शुद्ध हरपली किंवा दम लागला तर थेट इस्पितळ गाठा.